पट्टीवर दिसतो तो हुकूम

रामबागेतल्या आमच्या काकांनी ईसीजीची पट्टी घडी घालून पंचांगात ठेवली आहे. कुणी तब्येत विचारली की तीच उलगडतात. "बघ, मोटर ठीक आहे." इंदुरात बोरिंगच्या पाण्यावर अर्धं आयुष्य काढलेल्या माणसाला खरं तर सांगायला नको, की स्टार्टरचा दिवा लागला म्हणून टाकीत पाणी चढतंच असं नाही. पट्टीवर उमटतो तो विजेचा हुकूम. पंपाने, म्हणजे हृदयाने, तो पाळला की नाही, हा प्रश्न निराळा, आणि दोन्ही बाजू डोळ्यांनी दिसायला सव्वातीनशे वर्षं गेली.

पंप आधी कळला. 1628 मध्ये विल्यम हार्वे या इंग्रज वैद्याने साधा हिशेब मांडला: हृदय अर्ध्या तासात जेवढं रक्त ढकलतं, तेवढं अख्ख्या शरीरातही नसतं. म्हणजे यकृत सतत नवं रक्त बनवतं आणि अवयव ते संपवून टाकतात, ही प्राचीन ग्रीक वैद्य गेलेनची शिकवण खोटी. तेच रक्त फिरत असणार. (आजच्या मापाने ठोक्याला सुमारे 70 मिलिलिटर, मिनिटाला पाचेक लिटर.)

वीज सापडली ती बेडकांच्या जिवावर. 1856 मध्ये कोलिकर आणि म्यूलर या दोघांनी धडधडत्या हृदयावर बेडकाच्या तंगडीचा मज्जातंतू ठेवला, तर दर ठोक्याला तंगडी झटका देऊ लागली. पुढे हॉलंडमधल्या लायडनच्या आइन्थोव्हेनने तीच वीज कागदावर आणली. त्याचं यंत्र पावणेतीनशे किलोच्या घरातलं. रोग्याने दोन्ही हात आणि डावा पाय खारट पाण्यात बुडवून बसायचं. काकांना लावलेले लाल, पिवळा आणि हिरवा चिमटे म्हणजे तीच तीन भांडी. काळा नुसता अर्थिंगचा. 1924 चं नोबेल त्याला यासाठीच मिळालं.

हुकूम सुटतो कुठून, हे 1907 मध्ये आर्थर कीथ आणि मार्टिन फ्लॅक यांनी दाखवलं. फ्लॅक तेव्हा वैद्यकाचा विद्यार्थीच होता. उजव्या वरच्या कप्प्यात एक इवलीशी गाठ असते, ती ठेका धरते. आदल्याच वर्षी सुनाओ तावाराने मधली गाठ आणि तिथून खाली पसरणारं तंतूंचं जाळं उलगडलं होतं. या मधल्या गाठीत हुकूम सेकंदाचा दहावा भाग रेंगाळतो. तेवढ्यात वरचे कप्पे रिकामे होतात, मग खालचे पिळले जातात.

पण वीज आली म्हणून स्नायू का आवळावा? हा दुवा लागला तो चक्क नळाच्या पाण्यामुळे. 1882 च्या सुमारास लंडनमध्ये सिडनी रिंगर बेडकाचं हृदय मिठाच्या पाण्यात जिवंत ठेवत होता. ते छान चालायचं. नंतर कळलं, की द्रावण ऊर्ध्वपातित पाण्याचं नव्हतंच, नळाच्या पाण्याचं होतं. शुद्ध पाणी वापरलं तर हृदय थोड्याच वेळात थांबलं. चुन्यातलं कॅल्शियम घातलं की पुन्हा आवळू लागलं. आपल्याकडे नर्मदेचा नळ आला की बादलीच्या कडेला पांढरा थर धरतो, साधारण तसलंच प्रकरण. विजेच्या लाटेबरोबर कॅल्शियम पेशीत शिरतं, पेशीतला साठाही मोकळा होतो, आणि तेव्हाच स्नायूतले तंतू एकमेकांवर सरकतात. दवाखान्यात टांगलेल्या 'आरएल' सलाइनच्या बाटलीतला आर हा याच रिंगरचा.

या दुव्यात बिघाड झाला, किंवा स्नायूच थकला, तरी हुकूम सुटतच राहतो. नाडी लागत नाही आणि मॉनिटरवर रेघा मात्र नीट उठताहेत, हा प्रसंग आयसीयूतल्या लोकांना नवा नाही.

पंपाकडे ध्वनिलहरींनी बाहेरून बघायची सोय 1953 मध्ये झाली. स्वीडनमधल्या लुंडच्या एडलर आणि हर्ट्‌झ यांनी त्यासाठी आणलेलं यंत्र मुळात धातूतल्या भेगा शोधायचं, जहाजांच्या कारखान्यात वापरतात तसलं. त्यातूनच आजचा इको निघाला.

काकांनाही इको करायला सांगितलाय. ते पुन्हा पंचांग उघडतात.