प्लेस्टेशनच्या पोटातला पीसी

गेम खेळण्याच्या बाबतीत कन्सोल, म्हणजे खास गेमसाठी बनवलेलं यंत्र, पीसीला मागे टाकेल का, हा वाद पंचवीसेक वर्षं तरी चालू आहे. नवं प्लेस्टेशन किंवा नवा एक्सबॉक्स आला की पीसीचे दिवस भरले असं म्हटलं जातं. मग दोन वर्षांत पीसीसाठी नवी ग्राफिक्स कार्डं (पडद्यावरची चित्रं तयार करणारे भाग) येतात आणि पारडं फिरतं. माझ्या मते या वादातला मोठा मुद्दा नोव्हेंबर २०१३ मध्येच निकाली निघाला. तेव्हा बाजारात आलेल्या प्लेस्टेशन ४ मध्ये एएमडी या कंपनीचा आठ कोअरचा, म्हणजे आठ कामं एकदम करू शकणारा, प्रोसेसर होता, आणि तो एक्स८६ घराण्यातला होता. १९७८ साली इंटेलच्या ८०८६ या चिपपासून सुरू झालेलं, जगभरच्या पीसींमध्ये नांदणारं हेच ते घराणं. त्याच महिन्यात आलेल्या एक्सबॉक्स वनचंही तेच. दोन्ही कन्सोल आतून पीसी झाले होते.

असं का व्हावं? त्यासाठी आधीच्या पिढीकडे पाहायला हवं, कारण ती गोष्ट फार रंजक आहे. २००६ सालच्या प्लेस्टेशन ३ साठी सोनी, तोशिबा आणि आयबीएम यांनी मिळून ‘सेल’ नावाचा प्रोसेसर घडवला. त्यात एक मुख्य कोअर आणि गणितं करण्यात पटाईत असे आठ छोटे कोअर होते. त्यांपैकी सात चालू ठेवले जात, आणि गेमच्या वाट्याला सहा येत. कागदावर ही ताकद अफाट होती. याच सेलच्या सुधारित आवृत्तीवर उभारलेल्या ‘रोडरनर’ महासंगणकाने २००८ मध्ये सेकंदाला एक हजार लाख कोटी गणितांचा, म्हणजे एक पेटाफ्लॉपचा टप्पा जगात पहिल्यांदा ओलांडला.

पण प्रत्येक छोट्या कोअरच्या हाताशी स्वतःची मेमरी होती फक्त २५६ केबी. मुख्य मेमरीतली कुठलीही गोष्ट त्याला थेट उचलता येत नसे. लग्नघरात सहा तरबेज आचारी उभे आहेत, प्रत्येकापुढे वीतभर ओटा आहे आणि कोठीघरात जायची कोणालाच परवानगी नाही, असा तो प्रकार होता. कोणाला कधी काय लागेल याचा हिशेब प्रोग्रामरने आधीच मांडायचा, माल वेळेवर पोहोचवायचा आणि तयार झालेलं उचलून न्यायचं. ज्यांना हे जमलं त्यांनी त्या यंत्रावर डोळे दिपवणारे गेम केले. बाकीच्या स्टुडिओंचा वेळ आणि पैसा यातच खर्ची पडला, आणि तोच गेम पीसीवर किंवा एक्सबॉक्स ३६० वर त्यांना कमी कष्टात करता येत होता. प्लेस्टेशन ४ चे मुख्य रचनाकार मार्क सर्नी यांनी यातून घेतलेला धडा साधा होता: यंत्र असं हवं, ज्यावर काम करणं माणसाला सोपं जाईल.

मग कन्सोलकडे स्वतःचं असं काय उरलं? उरली ती मांडणी, आणि खरं विज्ञान तिथेच आहे. पीसीमध्ये दोन वेगळ्या मेमरी असतात: प्रोसेसरची रॅम आणि ग्राफिक्स कार्डाची स्वतःची मेमरी. एकीकडची माहिती दुसरीकडे न्यायला मदरबोर्डवरच्या स्लॉटमधून जावं लागतं, आणि त्या वाटेची क्षमता पीसीआय एक्सप्रेस या स्लॉटच्या चौथ्या पिढीत एका दिशेला सेकंदाला साधारण ३२ जीबी आहे. प्लेस्टेशन ५ मध्ये १६ जीबीचा एकच साठा आहे. प्रोसेसर आणि ग्राफिक्स दोन्ही त्याच साठ्यातून वाचतात, आणि त्याचा वेग सेकंदाला ४४८ जीबी आहे. हा वेग मिळतो कारण मेमरीच्या चिप मुख्य चिपला अगदी खेटून, बोर्डवर कायमच्या झाळलेल्या असतात. इतक्या वेगाचे सिग्नल लांबच्या तारेतून आणि काढ-घाल करता येणाऱ्या सॉकेटमधून गेले की बिघडू लागतात. म्हणजे पीसीतली रॅम पुढेमागे वाढवता येते, ती सोय आणि हा वेग एकत्र मिळणं अवघड आहे. कन्सोलने वेग निवडला, पीसीने मोकळीक.

साठवणुकीचंही असंच. प्लेस्टेशन ४ मधली हार्ड डिस्क मिनिटाला ५,४०० फेरे घ्यायची. म्हणजे एका फेरीला ११ मिलिसेकंद, आणि वाचणारं टोक योग्य जागी सरकायला लागणारा वेळ वेगळाच. खेळाडू शहरातून झपाट्याने जात असेल तर पुढच्या चौकातल्या वस्तू डिस्कवर दहा ठिकाणी विखुरलेल्या असून चालत नाहीत. त्यावरचा उपाय म्हणजे प्रत्येक चौकाचं सामान एकत्र बांधून ठेवायचं, आणि टपालपेटीसारखी वस्तू शंभर चौकांत असेल तर तिच्या शंभर नकला साठवायच्या. मार्च २०२० मध्ये प्लेस्टेशन ५ ची रचना उलगडून सांगताना सर्नी यांनी स्पायडर-मॅनच्या गेमचं उदाहरण दिलं होतं. त्यात काही माहिती डिस्कवर तब्बल ४०० वेळा लिहिलेली होती! प्लेस्टेशन ५ च्या एसएसडीने, म्हणजे काहीच न फिरवता चिपमध्ये माहिती साठवणाऱ्या डिस्कने, सेकंदाला ५.५ जीबीचा वेग दिला आणि या नकलांची गरजच संपली. दाबून ठेवलेली माहिती उलगडायला चिपमध्ये वेगळा भाग बसवला. तेच काम साध्या प्रोसेसरवर टाकलं असतं तर त्याचे नऊ कोअर गुंतून पडले असते, असं सर्नी यांनी सांगितलं. ही कल्पना मग पीसीकडेही आली. मायक्रोसॉफ्टने २०२२ मध्ये विंडोजवर डायरेक्टस्टोरेज हे एसएसडीवरची माहिती गेमपर्यंत झटपट पोहोचवणारं तंत्र उपलब्ध करून दिलं, ते याच वाटेवरचं पाऊल.

एका बाबतीत पीसी आजही मागे आहे, आणि चांगलं महागडं कार्ड घेतलेल्यांना ते जास्त खुपतं. प्रकाश, सावली, पाणी दाखवणारे शेडर नावाचे छोटे प्रोग्राम असतात. ते प्रत्येक ग्राफिक्स कार्डाच्या भाषेत नव्याने उतरवावे लागतात. कन्सोल एकच ठरलेला असल्यामुळे स्टुडिओ ते आधीच करून पाठवतो. पीसीवर मात्र कोणाकडे कुठलं कार्ड आणि ते चालवणारं कुठलं सॉफ्टवेअर (ड्रायव्हर) असेल याचा नेम नाही, त्यामुळे बरंचसं काम तुमच्याच मशीनवर होतं, कधीकधी ऐन खेळात. सेकंदाला ६० चित्रं दाखवायची तर एका चित्राला जेमतेम १६.७ मिलिसेकंद मिळतात. तेवढ्यात शेडर तयार झाला नाही की पडद्याला झटका बसतो.

माउसची गोष्ट उलटी. माउस हात जितका सरकला तितकाच नेम सरकवतो. कंट्रोलरची दांडी अंगठ्याने ढकलली की नेम किती वेगाने फिरावा एवढंच ठरतं, आणि योग्य क्षणी अंगठा सैल सोडावा लागतो. त्यामुळे झटपट नेम धरायला माउस सरस. काउंटर-स्ट्राइक या नेमबाजीच्या गेमच्या स्पर्धा पीसीवरच होतात, त्यामागे हे मोठं कारण आहे. जून २०२५ मध्ये आलेल्या निन्टेन्डोच्या स्विच २ चे कंट्रोलर आडवे धरून टेबलावर माउससारखे फिरवता येतात, हे पाहून मला फार आनंद झाला.

कन्सोलचा जुना हुकमी एक्का होता किंमत, आणि तो आता निसटतो आहे. प्लेस्टेशन ३ अमेरिकेत ४९९ आणि ५९९ डॉलरला आला आणि २००९ मध्ये २९९ डॉलरवर उतरला, कारण त्याची चिप घडवण्याचं तंत्र ९० नॅनोमीटरवरून ६५ आणि मग ४५ वर आलं, चिप लहान होत गेली आणि दर वेळी स्वस्त झाली. आता चिप लहान केली तरी पूर्वीसारखी स्वस्त होत नाही. प्लेस्टेशन ५ भारतात फेब्रुवारी २०२१ मध्ये ४९,९९० रुपयांना आलं आणि पुढे ५४,९९० झालं. किमती वर्षागणिक वाढणारा कन्सोल ही नवीच गोष्ट आहे.

तरीही पीसीची जागा कन्सोल घेणार नाही असं मला ठामपणे वाटतं. त्याचं कारण वेगात नाही, गेम बनतात कुठे यात आहे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने केलेला ‘राजी’ हा गेम ऑगस्ट २०२० मध्ये आधी निन्टेन्डो स्विचवर आला, पीसीवर दोन महिन्यांनी. पण तो अनरियल इंजिन या गेम घडवण्याच्या सॉफ्टवेअरवर घडवला गेला, आणि त्यात गेम घडवायला पीसीच लागतो. कॉलेजातली मुलगी आज तिच्या पीसीवर अनरियल, तसंच दुसरं इंजिन गोडो किंवा त्रिमितीय चित्रं घडवणारं ब्लेंडर फुकट उतरवून घेऊ शकते आणि रात्रीतून स्वतःचं पहिलं पात्र पडद्यावर चालवू शकते.

कन्सोलवरही हे दार एकेकाळी किलकिलं होतं. प्लेस्टेशन ३ वर सुरुवातीला लिनक्स ही विंडोजसारखी, पण मोफत ऑपरेटिंग सिस्टिम टाकता येत असे, आणि मग त्यावर स्वतःचे प्रोग्राम चालवता येत. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या डार्टमथ इथल्या शाखेत गौरव खन्ना या भौतिकशास्त्रज्ञाने २००७ मध्ये आठ प्लेस्टेशन जोडून कृष्णविवरांची गणितं केली. अमेरिकी हवाई दलाने सतराशेहून अधिक प्लेस्टेशन जोडून महासंगणक उभारला. एप्रिल २०१० मध्ये सोनीने एका अपडेटद्वारे ही सोय काढून टाकली. आजचं प्लेस्टेशन आतून पीसीच आहे, त्यामुळे त्यावर लिनक्स चालवणं तांत्रिकदृष्ट्या तेव्हापेक्षा कितीतरी सोपं आहे. सोनीने ती सोय पुन्हा द्यावी. एवढं महाग यंत्र घरात असताना प्रोग्रामिंग शिकायला दुसरं यंत्र घ्यायची वेळ कोणत्याच मुलावर येऊ नये.