पाच दिवसांची राखण

चिंगी, आमचं कुत्र्याचं पिल्लू, घरी येऊन आठ दिवस झाले होते. सोमवारी रात्री तिनं भाताला तोंड लावलं नाही. नवीन जागा, त्यात उकाडा, असेल काहीतरी, असं म्हणून आम्ही झोपलो. पहाटे चारला उलटी झाली, नुसता पिवळा फेस. सहाला दुसरी. साडेसहाला जुलाब झाले, त्यात रक्त होतं आणि वास असा की नाकातून जाता जाईना: गोडसर, कुजका, गंजलेल्या लोखंडासारखा. आदल्या दिवशी सारखं पायात पायात करणारं नऊ आठवड्यांचं पिल्लू न्हाणीघराच्या गार फरशीवर पोट टेकून पडलं होतं. हाक मारली की नुसता कान हलायचा.

दवाखान्यात डॉक्टरांनी आधी तिचा वरचा ओठ उचलला, हिरडीवर बोट दाबलं आणि सोडलं. दाबलेली जागा पांढरी पडते आणि निरोगी पिल्लात दोन सेकंदांच्या आत परत गुलाबी होते. चिंगीची होईना. मग मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडली, तर ती तशीच उभी राहिली. अंगातलं पाणी संपत आलं होतं. शौचाचा नमुना पट्टीवर टाकला. थोड्या वेळानं दुसरी रेघ उमटली. पार्वो, म्हणजे कुत्र्यांना होणारा विषाणूचा जीवघेणा आजार.

"पण डॉक्टर, लस दिली होती हो!"

"एकच ना, ताई?"

त्या एका लशीचं कोडं मला नंतर उलगडलं. पिल्लाला जन्मानंतर पहिल्या दिवसात आईच्या चिकातून तयार प्रतिपिंडं, म्हणजे रोगजंतूंना अडवणारी प्रथिनं, मिळतात. ती उसनी असतात, साधारण नऊ-दहा दिवसांत निम्मी होतात, पुढच्या नऊ-दहा दिवसांत आणखी निम्मी. ती भरपूर असतात तोवर रोगापासून बचाव होतो, पण त्याच वेळी ती लशीतल्या दुबळ्या विषाणूलाही निकामी करून टाकतात, त्यामुळे लस लागू पडत नाही. पुढे काही दिवस असे येतात की प्रतिपिंडं रोगाला अडवायला अपुरी आणि लशीला अडवायला मात्र पुरेशी. ही फट कोणत्या पिल्लाच्या वाट्याला कधी येईल हे बाहेरून दिसत नाही. एकाच वेतातल्या दोन भावंडांतही फरक पडतो, कारण एकानं चीक पोटभर प्यायलेला असतो आणि दुसऱ्याला तो कमी मिळालेला असतो. म्हणून सहा ते आठ आठवड्यांपासून सुरुवात करून, दर दोन ते चार आठवड्यांनी, पिल्लू सोळा आठवड्यांचं होईपर्यंत लस पुन्हा पुन्हा द्यायची असते. पहिल्या सुईवर विसंबून पिल्लाला बागेत नेणं, चार कुत्र्यांत मिसळू देणं ही सगळ्यात जास्त होणारी चूक आहे.

हा आजार फार जुना नाही. १९७८ साली तो जगभरच्या पशुवैद्यांच्या लक्षात आला आणि दोनेक वर्षांत बहुतेक सगळ्या खंडांत पोचला. कुत्र्यांच्या शरीरानं असा विषाणू आधी कधी पाहिलाच नव्हता, त्यामुळे पिल्लांबरोबर मोठी कुत्रीही दगावली. मांजरांना होणाऱ्या अशाच एका रोगाच्या विषाणूशी त्याचं अगदी जवळचं नातं आहे. विषाणूच्या कवचात मोजकेच बदल झाले आणि कुत्र्याच्या पेशीचं दार त्याला उघडता येऊ लागलं. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात लेलँड कारमायकल आणि मॅक्स ॲपेल यांनी त्यावर लस तयार केली. आज आपण देतो त्या लशींची वाट तिथून निघते.

विषाणूचा आकार मिलिमीटरच्या चाळीस हजाराव्या भागाच्या आसपास, म्हणजे एका मिलिमीटरच्या रेघेत चाळीस हजार मावतील इतका. त्याच्याजवळ स्वतःची प्रत काढण्याची यंत्रणा नसते, म्हणून तो विभागत असलेली पेशी शोधतो आणि तिची यंत्रणा वापरतो. वाढत्या पिल्लाच्या अंगात अशा पेशींना तोटा नाही. अस्थिमज्जेत, म्हणजे हाडांच्या आतल्या मऊ गरात, रक्तपेशी तयार होत असतात, आणि आतड्यात तर दिवसरात्र काम चालू असतं.

हे आतड्यातलं काम नीट समजून घ्यावं, कारण सगळा उपचार त्यावरच बेतलेला आहे. भाताच्या शेतीचा दाखला देते. आतड्याच्या आतल्या बाजूला बोटांसारखे बारीक उंचवटे असतात, तेच अन्नपाणी शोषून घेतात. त्यांच्यावरच्या पेशी जेमतेम काही दिवस टिकतात, झिजून गळतात, आणि त्यांच्या जागी खालच्या खळग्यांतून नव्या पेशी वर सरकतात. खळगे म्हणजे रोपवाटिका आणि उंचवटे म्हणजे लावणी झालेलं शेत. पार्वो शेताला हात लावत नाही, तो रोपवाटिका जाळतो. त्यामुळे लागण झाल्यावर तीन ते सात दिवस बाहेरून काहीच कळत नाही. मग जुन्या पेशी गळतात, नव्या येत नाहीत, आणि आतड्याचं अस्तर उघडं पडतं. रक्त झिरपतं, पाणी वाहून जातं, आणि आतड्यात राहणारे जिवाणू रक्तात शिरतात. त्यांना अडवायच्या पांढऱ्या पेशीही त्याच वेळी कमी झालेल्या असतात, कारण अस्थिमज्जेतही हीच नासधूस झालेली असते. निरोगी कुत्र्यात या पेशी एका मायक्रोलिटर रक्तात साधारण सहा ते सतरा हजार असतात. पार्वोत हा आकडा हजाराच्याही खाली जाऊ शकतो. पिल्लू मरतं ते बहुतेक वेळा पाणी तुटल्यानं, रक्तातली साखर उतरल्यानं, किंवा जिवाणूंचं विष अंगात भिनल्यानं.

म्हणूनच डॉक्टर सलाईन लावतात, उलटी थांबवायचं इंजेक्शन देतात, प्रतिजैविक देतात, साखर तपासत राहतात. यातलं काहीही पार्वोच्या विषाणूला मारत नाही. पिल्लाची स्वतःची प्रतिपिंडं तयार व्हायला आणि रोपवाटिका पुन्हा उगवायला पाच-सात दिवस लागतात, तेवढे दिवस त्याला जगवत ठेवायचं. ही राखण आहे. चिंगीच्या पायाला बांधलेल्या त्या निळ्या पट्टीकडे बघत बसले होते तेव्हा हे ठाऊक झालं आणि मला धीर आला. चमत्काराची वाट बघायची नव्हती, दिवस काढायचे होते. (अलीकडे, २०२३ साली, अमेरिकेत थेट विषाणूला पकडणाऱ्या प्रतिपिंडाच्या इंजेक्शनला सशर्त मान्यता मिळाली आहे. पण तेही दिलं तरी राखण चुकत नाही.)

उपचाराविना दहातली नऊ पिल्लं जातात. वेळेवर भरती करून नीट उपचार झाले तर बहुतेक वाचतात. मधला प्रश्न पैशांचा असतो, आणि तो उघडपणे बोलायला हवा. चार-पाच दिवस दवाखान्यात ठेवण्याचा खर्च अनेकांना झेपत नाही, आणि मग लाजेपोटी माणसं पिल्लाला घेऊन गुपचूप घरी येतात. अमेरिकेतल्या कोलोरॅडो स्टेट विद्यापीठाच्या पशुवैद्यांनी यावर काम केलं आहे. आधी शिरेतून सलाईन देऊन पिल्लाला सावरायचं, मग कातडीखाली पाणी, उलटीचं औषध आणि लांब टिकणारं प्रतिजैविक देत रोज तपासणी करायची. या पद्धतीनं पाचातली चार पिल्लं वाचली, भरती केलेल्यांपैकी दहातली नऊ. फरक आहे, पण "परवडत नाही" आणि "काहीच करता येत नाही" यांत केवढं तरी अंतर आहे. डॉक्टरांना सरळ विचारा: एवढेच पैसे आहेत, यात काय करता येईल?

घरचे उपाय मात्र नकोत. माणसांच्या जुलाब थांबवायच्या गोळ्या नकोत, पॅरासिटॅमॉल नको, आणि उलट्या होत असताना तोंड उघडून पाणी ओतणं तर अजिबात नको, ते फुप्फुसात जातं. पोटाला पूर्ण आराम द्यायचा हा जुना समजही मागे पडला आहे. दक्षिण आफ्रिकेत झालेल्या एका अभ्यासात पहिल्या दिवसापासून नाकातल्या नळीनं थोडं थोडं अन्न दिलेली पिल्लं उपाशी ठेवलेल्यांपेक्षा लवकर सुधारली. आतड्याच्या पेशींना अन्न आतड्यातूनच लागतं. पण केव्हा आणि किती, हे डॉक्टरांनी ठरवायचं.

त्या दिवसांत माझी आई सारखी म्हणायची, "मी त्या दिवशी तिला दूध दिलं, त्यानंच झालं." तिला मी तीन ते सात दिवसांचा हिशेब कागदावर मांडून दाखवला. आदल्या दिवशीच्या दुधाचा यात काही संबंध असूच शकत नव्हता. लागण कुठे झाली हेही शोधू नये. हा विषाणू मातीत महिनोन् महिने तग धरतो आणि चपलेच्या तळव्याला लागून घरात येतो. पिल्लू ज्यानं दिलं त्याच्याकडूनही आला असेल. आपल्या देशात २०१७ च्या नियमांनुसार आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही, तरी महिन्याभराची पिल्लं सर्रास हातात ठेवली जातात, हे मात्र मला सलतं.

चौथ्या दिवशी पांढऱ्या पेशी आठशेवरून साडेतीन हजारांवर गेल्या. जुलाब अजून तसेच होते, पण डॉक्टर पहिल्यांदा हसले. पाचव्या दिवशी चिंगीनं मामांच्या, म्हणजे दवाखान्यातल्या मदतनिसांच्या, बोटावरची पेज चाटली.

तिच्या शेजारच्या पिंजऱ्यातलं काळं पिल्लू दुसऱ्या रात्री गेलं होतं. त्याला आमच्याइतकंच लवकर आणलं होतं, आणि त्याच्याही घरच्यांनी काही कमी केलं नव्हतं.

घरी आल्यावर दोन आठवडे तिला वेगळं ठेवलं, कारण बरं झालेलं पिल्लूही काही दिवस शौचातून विषाणू टाकत राहतं. हात धुवायचं सॅनिटायझर इथे कुचकामी, फिनेलवरही भरवसा नाही. आधी साबणानं घासून, मग एक भाग ब्लीच तीस भाग पाण्यात मिसळून ते फरशीवर दहा मिनिटं ओलं राहू द्यायचं. गोधडी आम्ही जाळली. माणसांना हा कुत्र्यांचा पार्वो होत नाही, त्यामुळे भाचीला चिंगीजवळ बसू दिलं.

मागच्या पाण्याच्या टाकीखाली रस्त्यावरच्या कुत्रीनं चार पिल्लं घातली आहेत. १४ तारखेला ती सहा आठवड्यांची होतील. कॅलेंडरवर गोल केला आहे, डॉक्टरांना चार लशी राखून ठेवायला सांगितलं आहे, आणि पुढच्या तीन तारखाही त्याच पेनानं लिहून ठेवल्या आहेत.