अनुरक्षण

बालगृहात किंवा अन्य बालसंगोपन संस्थेत वाढलेल्या मुलामुलींना १८ वर्षे पूर्ण झाल्यावर स्वतःच्या पायावर उभे राहता यावे, यासाठी दिल्या जाणाऱ्या पाठबळाला अनुरक्षण म्हणतात. त्यात निवास, पैसा, शिक्षण आणि मार्गदर्शन येते. बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ मध्ये त्याची व्याख्या असून १८ ते २१ वयाच्या, संस्थेतून बाहेर पडलेल्या व्यक्ती त्यात मोडतात. या अधिनियमाखाली केंद्राने केलेल्या २०१६च्या आदर्श नियमांनुसार अपवादात्मक परिस्थितीत ही मुदत आणखी २ वर्षे वाढवता येते. कुटुंबात वाढलेल्या मुलाला अठराव्या वाढदिवसानंतर कोणी घर रिकामे करायला सांगत नाही. संस्थेतल्या मुलावर मात्र ती वेळ येते, आणि तीही बहुधा बारावीच्या किंवा एखाद्या अभ्यासक्रमाच्या ऐन मध्यावर.

बाल कल्याण समिती, बाल न्याय मंडळ किंवा बालन्यायालय यांच्या आदेशाने अनुरक्षण मिळते. आदर्श नियमांत ६ ते ८ जणांच्या गटासाठी वस्तीतच तात्पुरते सामूहिक घर, प्रशिक्षणकाळात विद्यावेतन, समुपदेशक आणि व्यवसायासाठी कर्जसाहाय्य अशा तरतुदी आहेत. रक्कम थेट त्या तरुणाच्या बँक खात्यात जमा व्हावी, असेही नियम सांगतात. केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेच्या २०२२च्या मार्गदर्शक सूचनांत दरमहा ४,००० रुपये साहाय्य ठरवले आहे. अधिनियमाच्या कलम ४६ नुसार असे अर्थसाहाय्य ‘देता येईल’. ते दिलेच पाहिजे, असे बंधन नाही. व्यवस्थेतला सर्वांत कच्चा दुवा हाच आहे.

प्रत्यक्षात गाडी अडते ती कागदपत्रांपाशी. आधार कार्डावर पत्ता बालगृहाचा असतो. बाहेर पडल्यावर नवा पत्ता लावायला भाडेकरार लागतो, घरमालक अनामत मागतो, शिवाय ओळखीचे कोणीतरी मध्ये असावे अशी त्याची अपेक्षा असते. अज्ञान असताना उघडलेले बचत खाते सज्ञान झाल्यावर नव्या सहीने आणि नव्या केवायसीने चालू करून घ्यावे लागते. ते राहून गेले, तर साठलेले पैसे असूनही हाती येत नाहीत. म्हणून सतराव्या वर्षीच संस्थेच्या अधीक्षकाने किंवा परिविक्षा अधिकाऱ्याने (मुलाच्या प्रकरणावर देखरेख ठेवणाऱ्या अधिकाऱ्याने) मुलाला सोबत नेऊन ही कामे त्याच्याच हातून करून घेणे सर्वांत उपयोगाचे ठरते. प्रत्येक मुलाचा वैयक्तिक संगोपन आराखडा कायद्याने आवश्यक आहे. त्यात ही तयारी लिहिलेली असली, की अधिकारी बदलला तरी काम थांबत नाही.

महाराष्ट्राने २०१८ मध्ये अनाथांसाठी शिक्षणात व शासकीय नोकऱ्यांत १ टक्का आरक्षण लागू केले. त्यासाठी अनाथ प्रमाणपत्र लागते आणि तेही संस्था सोडण्याआधीच काढून घेतलेले बरे.

संस्थेत घंटा झाली की ताट समोर येते. महिन्याचा किराणा किती लागतो, सिलिंडर किती दिवस पुरतो, पगार विसाव्या दिवशी संपला तर काय करायचे, हे तिथे शिकायला मिळत नाही. सामूहिक घरात मुले बाजार आळीपाळीने करतात, हिशेबाची वही ठेवतात, क्वचित भांडतातही. उधळपट्टीची चूक तिथे घडली तर डोक्यावर छप्पर राहते, म्हणून अशी घरे मोठ्या वसतिगृहांपेक्षा हिताची. मुलींच्या बाबतीत लग्न लावून दिले की जबाबदारी संपली, ही जुनी समजूत अजून पुरती गेलेली नाही. शिक्षण आणि कमाई हाती नसलेल्या मुलीला त्या घरात जाच झाला, तर परतायला माहेर नसते.

इंग्लंडमध्ये २०००च्या कायद्याने संस्था किंवा पालक-कुटुंब (दुसऱ्याचे मूल तात्पुरते सांभाळणारे कुटुंब) सोडणाऱ्या तरुणांना वैयक्तिक सल्लागार आणि लेखी आराखडा मिळू लागला. २०१७च्या कायद्याने सल्लागाराची सोबत वयाच्या २५व्या वर्षापर्यंत उपलब्ध झाली. भारतात निधीइतकीच उणीव अशा एका ठरलेल्या माणसाची आहे. रात्री ताप चढला किंवा नोकरी सुटली, तर फोन कोणाला करायचा, याचे उत्तर अनुरक्षणाच्या आदेशात नसते. संस्थेतून आधी बाहेर पडलेल्या ताई-दादांचे गट ही जागा काही प्रमाणात भरून काढतात.

बौद्धिक दिव्यांगत्व, स्वमग्नता किंवा मेंदूचा पक्षाघात असलेल्या तरुणांपैकी अनेकांना २१ किंवा २३ची मर्यादा लावून चालत नाही. त्यांच्यासाठी राष्ट्रीय न्यास अधिनियम, १९९९ खाली स्थानिक स्तर समिती १८ वर्षांनंतरही कायदेशीर पालक नेमू शकते. संस्थेत वाढलेल्या अशा मुलासाठी हा अर्ज अठरावे वर्ष लागण्याच्या सुमारास तयार ठेवावा लागतो.