नफा झाला म्हणजे सेवा संपली का?

"सामाजिक संस्थेने सेवेचे पैसे घेतले किंवा तिला नफा झाला, तर ती संस्था बेकायदा ठरते," असा मजकूर अनेक वर्षे फिरत आहे. लोकांना तो पटतो, कारण सेवेच्या नावाखाली झालेली लूट अनेकांनी अनुभवली आहे.

कायदा मात्र वेगळे सांगतो. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम ८ खाली नोंदलेल्या ना-नफा कंपनीला उत्पन्नातून शिल्लक राखता येते. मनाई आहे ती सभासदांना लाभांश वाटण्यास, आणि ती शिल्लक संस्थेच्या उद्दिष्टांवरच खर्च करावी लागते. शुल्क आणि सेवा एकत्र नांदू शकतात, हे मदुराईत १९७६ साली ११ खाटांवर सुरू झालेल्या एका नेत्ररुग्णालयाने दाखवून दिले आहे. ऐपत असलेल्या रुग्णांच्या शुल्कातून तेथे गरिबांच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रिया मोफत किंवा अत्यल्प दरात होत आल्या आहेत. माझ्या मते, देणगीवर सर्वस्वी विसंबणाऱ्या कामापेक्षा असे काम अधिक टिकाऊ असते.

अर्थात, 'सामाजिक उद्योग' असा वेगळा नोंदणीप्रकार भारतात नाही. खाजगी मर्यादित कंपनीही स्वतःला तसे म्हणवू शकते आणि तिला लाभांश वाटता येतो. म्हणून नावावर न जाता केंद्र सरकारच्या कंपनी नोंदणीच्या संकेतस्थळावर कंपनीचा प्रकार पाहावा. ठरावीक शुल्क भरून तेथे ताळेबंदही मिळतो. त्यात शिल्लक कोठे वळवली आणि संचालकांशी किंवा त्यांच्या नातेवाइकांशी कोणते व्यवहार झाले, हे नक्की वाचावे.