माडीवरचा राऊटर

शिवाजी पेठेत आत्याचा जुना वाडा आहे. भिंती दोन हात जाडीच्या, काळ्या दगडाच्या, आत माती. फायबरचं कनेक्शन आणि त्याचा राऊटर पुढच्या सोप्यात, आणि आतेभावाची अभ्यासाची खोली मागच्या माडीवर. वायफायच्या २.४ गिगाहर्ट्‌झच्या लहरींची लांबी साडेबारा सेंटिमीटर. अशा भिंतीत त्यांची बरीच ऊर्जा जिरते, पावसाळ्यात ओल धरली की आणखी. ५ गिगाहर्ट्‌झचं तर नावच नको. माडीवर रेंजचा एखादा दांडा यायचा, तोही खिडकीपाशी.

कपाटात एक जुना राऊटर पडून होता. सोप्यातून माडीपर्यंत लॅन केबल ओढली (१०० मीटरपर्यंत चालते, वाड्याला पुरून उरते), जुन्या राऊटरच्या लॅन पोर्टात, म्हणजे घरातली यंत्रं जोडायच्या खाचेत, खोचली आणि चहाला बसलो. दहा मिनिटांत आत्याची हाक: "आरं, दांडे सगळे हाईत की, मग नेट कुठं गेलं?"

चूक माझीच. राऊटरच्या डबीत खरं तर बरेच कामकरी कोंबलेले असतात. एक वायफायचा रेडिओ. एक केबली जोडणारा स्विच. एक जण घरातल्या सगळ्यांची ये-जा एकाच बाहेरच्या पत्त्यावरून सांभाळतो. आणि एक डीएचसीपी, नव्या फोनला घरातला पत्ता देणारा. फोन जोडला गेला की सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारतो, 'पत्ता कोण देतंय?' बहुधा ज्याचं उत्तर आधी येईल त्याचंच तो धरतो. बाहेर जायची वाट कुठून, तेही त्याच उत्तरात असतं. जुन्या राऊटरनं वाट स्वतःकडची सांगितली, आणि त्याच्या पलीकडे काहीच नव्हतं. दांडे सांगतात ते फक्त फोन आणि डबी यांच्यातल्या लहरींचा जोर. पुढं रस्ता आहे का, हे त्यांना काय ठाऊक!

मग केबल काढून जुन्याचं डीएचसीपी बंद केलं. सोप्यातल्याचा पत्ता १९२.१६८.१.१, आणि कारखान्यातून आलेला याचाही तोच. म्हणून याला १९२.१६८.१.२ दिला आणि सोप्यातल्याला वाटपासाठी १०० च्या पुढचे आकडे नेमून दिले. आता माडीवर उरले फक्त रेडिओ आणि स्विच, म्हणजेच ॲक्सेस पॉइंट. काही राऊटरांत या नावाचा तयार पर्यायच असतो. तो असेल तर एवढी खटपट नको.

केबल वॅन पोर्टात, म्हणजे बाहेरचं नेट आत घ्यायच्या खाचेत, घातली असती आणि माडीवरचे पत्ते वेगळ्या मालिकेतले ठेवले असते, तरी नेट चाललं असतं. पण माडीवर पत्त्यांचं वेगळंच घर तयार होऊन सोप्यातला प्रिंटर तिथून सहजी सापडला नसता.

दोन्हींचं नाव आणि पासवर्ड एकच ठेवला. २.४ वर चॅनल, म्हणजे लहरींचा पट्टा, मात्र खाली १, वर ६. शेजारचे चॅनल एकमेकांवर चढतात, १, ६ आणि ११ चढत नाहीत.

एक त्रास राहिलाच. कोणता राऊटर धरायचा हे फोन ठरवतो, आणि तो जुनी ओळख सहजी सोडत नाही. आत्या बोलत बोलत जिना चढते, फोन सोप्यातल्यालाच चिकटून राहतो, आवाज तुटायला लागतो. मग माडीवर पोचली की ती वायफाय बंद करून पुन्हा चालू करते.