डब्बा वाजतो म्हणून

नागपुरात एआरटीच्या, म्हणजे एचआयव्हीवरच्या रोजच्या औषधांच्या, खिडकीवर मी काही वर्षं होतो, आणि तिथं सगळ्यात जास्त ऐकलेलं वाक्य म्हणजे, "भाऊ, डब्बा नोको, गोळ्या कागदात दे." उमरेडच्या पुढून एसटीनं येणाऱ्या एक काकू होत्या, त्या खिडकीसमोरच डब्बा फोडायच्या, तीस गोळ्या रुमालात ओतून गाठ मारायच्या आणि रिकामा डब्बा ठेवून जायच्या, कारण पिशवीत तो खळखळ वाजतो अन् शेजारची बाई विचारते, कायच्या गोळ्या हो? ओल लागते, असं नका करू, हे दर महिन्याला सांगायचो, त्या मान हलवायच्या आणि परत तेच.

आता दर सहा महिन्यांनी घ्यायच्या इंजेक्शनची बातमी फिरतेय, लेनाकापाविर नावाची, आणि लोक विचारतात एड्स बरा करणारं औषध निघालं का, म्हणून जरा मागून सांगतो.

1981 मध्ये अमेरिकेत पहिले पेशंट नोंदले गेले, 1983 मध्ये पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये त्याचा व्हायरस, म्हणजे एचआयव्ही, सापडला. आपल्याकडे 1986, चेन्नई. मद्रास मेडिकल कॉलेजात शिकवणाऱ्या डॉ. सुनीती सोलोमन यांची विद्यार्थिनी निर्मला, तिनं सेक्स वर्कर बायांच्या रक्ताचे नमुने गोळा केले, घरच्या फ्रिजमध्ये ठेवले, आणि चेन्नईत टेस्टची सोय नाही म्हणून बर्फाच्या पेटीत घालून रात्रीच्या रेल्वेनं वेल्लोरकडे नेले. सहा पॉझिटिव्ह निघाले. इथली सुरुवात ही अशी, एका पोरीच्या हातातली पेटी.

पहिलं औषध एझेडटी, 1987. सुरुवातीला दर चार तासांनी घ्यायचं, म्हणजे रात्री गजर लावून उठायचं, आणि एवढं करूनही काही महिन्यांत व्हायरस असा बदलायचा की औषध लागूच पडायचं नाही. 1996 मध्ये तीन औषधं एकत्र द्यायची पद्धत आली, तीन बाजूंनी अडवलं की त्याला एकदम बदलता येत नाही, आणि अंथरुणाला खिळलेली माणसं उठून कामाला लागली. पण खर्च वर्षाला दहा-बारा हजार डॉलर. आपल्या माणसानं कुठून आणायचे?

इथं मला आपल्याकडच्या सिप्ला या औषध कंपनीच्या युसूफ हमीदांचं नाव मोठ्यानं घ्यावंसं वाटतं. 2001 मध्ये त्यांनी तेच तीन औषधांचं कॉम्बिनेशन वर्षाला 350 डॉलरला देतो म्हटलं. तेव्हा आपल्या कायद्यात खुद्द औषधावर पेटंट नव्हतं, फक्त बनवायच्या पद्धतीवर होतं, औषधावरचं 2005 मध्ये आलं, त्यामुळे वेगवेगळ्या परदेशी कंपन्यांची औषधं इथं एकाच गोळीत बसवता आली. 1 एप्रिल 2004 पासून सरकारनं फुकट एआरटी सुरू केली, पहिल्या सहा राज्यांत महाराष्ट्र होता.

त्या जुन्या गोळीत स्टॅव्युडिन असायचं, त्यानं गाल आत जायचे, आणि आमच्या रांगेत माणसं एकमेकांचे गाल बघून ओळखायची की हा जुना आहे. मग एफाविरेन्झ आलं, त्यानं चक्कर आणि भलतीसलती स्वप्नं पडायची. कोरोनाच्या आसपास डोल्युटेग्राविरची गोळी आली, दिवसाला एक, पुष्कळ सुसह्य. पण डब्बा तोच!

मधे 2011 मध्ये एक फार मोठी गोष्ट झाली, आपल्या पुण्याची एड्स संशोधनाची नारी संस्थाही त्या अभ्यासात होती. नवरा-बायकोपैकी पॉझिटिव्ह असलेल्यानं लवकर गोळ्या सुरू केल्या तर जोडीदाराला लागण व्हायचं प्रमाण 96 टक्क्यांनी घटलं. पुढच्या अभ्यासांत दिसलं की व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं व्हायरसचं प्रमाण, दबलेला राहिला तर संबंधातून लागण होतच नाही. आपल्याकडे 2017 पासून सीडी-फोर, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पेशींचा आकडा, न बघता पॉझिटिव्ह आला की उपचार.

आता लेनाकापाविर. ते व्हायरसच्या आतल्या कवचाला धरतं आणि शरीरात हळूहळू सुटत राहतं, म्हणून वर्षाला दोनदा पोटाच्या कातडीखाली टोचलं की पुरतं. 2024 मध्ये दक्षिण आफ्रिका आणि युगांडातल्या 2,134 तरुण मुली-बायांना दिलं, एकीलाही लागण झाली नाही. रोजची गोळी घेणाऱ्या गटात मात्र झाली, कारण बऱ्याच जणींकडून गोळी नेमानं घेतलीच गेली नाही, घरात लपवून रोज घेणं सोपं नाही, काकूंचीच गोष्ट ना ही. जून 2025 मध्ये अमेरिकेनं मंजुरी दिली, तेव्हा तिथली किंमत वर्षाला 28 हजार डॉलरच्या वर होती. हैदराबादच्या डॉ. रेड्डीज आणि हेटेरो 2027 पासून गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांना वर्षाला 40 डॉलरला देणार असं जाहीर झालंय. पण नीट ऐका, ही मंजुरी निगेटिव्ह माणसाला लागण होऊ नये म्हणून आहे.

बरं व्हायचं काय मग? टिमथी ब्राउन नावाचा माणूस बर्लिनमध्ये बरा झाला, नंतर लंडन, ड्युसेलडॉर्फ इथले पेशंट. पण त्यांना ब्लड कॅन्सर होता, त्यासाठी बोन मॅरो बदलावा लागला, आणि दात्याच्या पेशींवर सीसीआर-फाइव्ह नावाचं दारच नव्हतं, ज्यातून व्हायरस शिरतो. एवढा जीवघेणा उपचार गोळीवर ठणठणीत असलेल्या माणसाला कोण देईल? खरी अडचण म्हणजे व्हायरस काही पेशींत झोपून राहतो, झोपलेल्या व्हायरसवर गोळीचं काही चालत नाही, आज जगभर संशोधन चाललंय ते त्याला उठवून मारायचं किंवा कायमचं झोपवायचं. अमेरिकेतल्या मिसिसिपीच्या बाळात तो असाच झोपून राहिला होता, 2013 मध्ये बरं झालं म्हणून गाजलं, 2014 मध्ये व्हायरस परत दिसला. आणि मोठ्या माणसानं गोळी बंद केली तर बहुतेकांना तो काही आठवड्यांतच परत येतो, म्हणून बातमी वाचून कुणी घरी डब्बा बाजूला ठेवला असेल तर उद्याच आपल्या सेंटरला जा, डायरी सोबत न्या, आणि गोळ्या कागदात नको, डब्यातच ठेवा, वाजू नये म्हणून डब्बाच रुमालात गुंडाळा.