दोन ‘अँबियंट ४’: नाव एक, अंधार वेगवेगळा

काही वर्षांपूर्वी एका मित्राने सांगितलं, “अँबियंट फोर ऐक. रात्री, दिवे बंद करून.” मी ऐकला आणि आवडलाही. मग आठवडाभर आम्ही त्यावर बोलत होतो, पण बोलणं काही केल्या जुळेना. मी म्हणायचो, ते बेडूक काय सुरेख आलेत; तो म्हणायचा, कुठले बेडूक? तो म्हणायचा, दुसऱ्या सीडीपर्यंत जीव गुदमरतो. मी म्हणायचो, दुसरी सीडी कुठून काढलीस? शेवटी एकमेकांना कव्हरचे फोटो पाठवले तेव्हा उलगडा झाला. तो १९९४ चं एक संकलन ऐकत होता आणि मी १९८२ चा, ब्रिटिश संगीतकार ब्रायन ईनोचा अल्बम. दोन्हींच्या नावात ‘अँबियंट ४’ (अँबियंट म्हणजे भोवतालासारखं मागे वाजत राहणारं संगीत), दोन्ही काळोखे, आणि गुणगुणावं असं दोन्हींत जवळपास काही नाही.

गोंधळ होण्यात आमची फारशी चूक नव्हती. ईनोने १९७८ मध्ये ‘अँबियंट १: म्युझिक फॉर एअरपोर्ट्स’ काढून मालिका सुरू केली. १९८० मध्ये दोन अल्बम आले, हॅरॉल्ड बडबरोबरचा दुसरा आणि लाराजीचा ‘डे ऑफ रेडियन्स’ हा तिसरा. १९८२ चा ‘अँबियंट ४: ऑन लँड’ हा चौथा, आणि तिथे ती मालिका थांबली. अकरा वर्षांनी व्हर्जिन रेकॉर्ड्सने स्वतःची एक संकलनांची मालिका काढली. पहिल्या दोन भागांचं नाव होतं ‘अ ब्रीफ हिस्टरी ऑफ अँबियंट’. पहिल्या भागाचं उपशीर्षक ‘१५२ मिनिटे ३३ सेकंद’, दुसऱ्याचं ‘इमॅजिनरी लँडस्केप्स’. तिसरा भाग ‘द म्युझिक ऑफ चेंजेस’. अमेरिकी संगीतकार जॉन केजच्या रचना माहीत असलेल्यांना ही नावं कुठून आली ते सांगायला नको. चौथा भाग १९९४ मध्ये आला, ‘अँबियंट ४: आयसोलेशनिझम’. म्हणजे हाही चौथाच, पण दुसऱ्याच रांगेतला. त्यात भर म्हणजे ‘ऑन लँड’ची २००४ ची नवी आवृत्ती व्हर्जिनच्याच नावाने निघाली, त्यामुळे लेबल बघून ओळखू म्हणाल तर तेही जमत नाही.

ओळखायची सोपी खूण एवढीच. ‘ऑन लँड’वर एकट्या ईनोचं नाव आहे आणि आठ ट्रॅक आहेत, एका एलपीत मावणारे. ‘आयसोलेशनिझम’ दोन सीडींचं आहे, त्यात वीसहून अधिक कलावंत आहेत, आणि निवड केविन मार्टिनची. हाच मार्टिन पुढे ‘द बग’ या नावाने जास्त ओळखला गेला.

खरी गंमत मात्र यापुढे आहे. अंधाराचेही प्रकार असतात. या दोन अल्बमांतला अंधार एकच आहे असं समजून ऐकायला बसलात तर दोन्हींवर अन्याय होतो.

आधी ‘ऑन लँड’. पहिल्या अल्बमच्या वेळी ईनोचं म्हणणं होतं की अँबियंट संगीताकडे लक्ष दिलं तर ते रंजक वाटावं, आणि दुर्लक्ष केलं तर तेही त्याने खपवून घ्यावं. विमानतळावरच्या माणसाला शांत वाटावं हा हेतू. चौथ्यापर्यंत येता येता तो शांत करण्यावरून एखादी जागा उभी करण्यावर आला. अल्बमच्या टिपणांत त्याने घानाची आठवण लिहिली आहे. १९८० च्या नोव्हेंबरात तो तिथे होता. सोबत स्टिरिओ मायक्रोफोन आणि कॅसेट रेकॉर्डर होता. तिथलं संगीत आणि बोलणं टिपायचं, असा बेत. प्रत्यक्षात संध्याकाळी तो पडवीत बसायचा, जास्तीत जास्त दूरचे आवाज येतील असा मायक्रोफोन ठेवायचा आणि हेडफोन लावून नुसता ऐकत राहायचा. सगळे आवाज एकाच चौकटीत आले की त्यांचं संगीत होतं, हे त्याला तिथे उमगलं.

म्हणूनच इथे सिंथेसायझर मागे पडतो आणि साखळीचे तुकडे, काठ्या, दगड ही ‘वाद्यं’ होतात. कावळ्यांच्या जातीतले पक्षी, बेडूक, किडे यांची रेकॉर्डिंग्ज आहेत. स्वतःची जुनी, कुठेच न वापरलेली रेकॉर्डिंग्ज त्याने नव्या मिश्रणात टाकली, काहींवर इतके थर चढवले की खालचं काही ओळखू येऊ नये. या पद्धतीला त्याने कंपोस्टची उपमा दिली आहे, आणि ती कानाला पटते: या अल्बमला खरोखरच ओल्या मातीचा वास आहे. ‘शॅडो’ या ट्रॅकमध्ये जॉन हॅसलचा ट्रंपेट आहे, पण कुणी सांगितलं नाही तर ते कण्हणं माणसाचं की प्राण्याचं असा प्रश्न पडावा.

आठांतली बरीचशी नावं नकाशावर सापडतात. लिझर्ड पॉइंट म्हणजे ब्रिटनच्या मुख्य भूमीचं दक्षिण टोक, कॉर्नवॉलमधलं. लीक्स हिल्स हे पूर्व इंग्लंडातल्या सफकमधल्या वुडब्रिज आणि मेल्टनच्या मधलं छोटं रान. ईनो लहानपणी तिथे जायचा. लँटर्न मार्श त्याच्या गावापासून काही मैलांवर, पण तिथे गेल्याची आठवण नाही, नकाशावर नाव बघितल्याची आहे. बघितल्याचं न आठवणाऱ्या दलदलीचं संगीत करणं हे मला या अल्बमचं मर्म वाटतं. शेवटचा ट्रॅक ‘डनिच बीच, ऑटम, १९६०’. डनिच हे मध्ययुगातलं भरभराटीचं बंदर. तेराव्या शतकाच्या अखेरीपासून वादळांनी किनारा खात नेला आणि गावाचा मोठा भाग समुद्रात गेला. १९६० च्या शरदात ईनो बारा वर्षांचा होता. तारीख, ऋतू, जागा असं सगळं दिलेलं असताना ट्रॅकमध्ये घडत मात्र काहीच नाही, फक्त खाली काहीतरी सरकत राहतं.

‘द लॉस्ट डे’मध्ये लांबून धातूची बारीक किणकिण येते. तो आवाज फेंडर ऱ्होड्स या इलेक्ट्रिक पियानोचा आहे, अगदी हलका वाजवलेला. रेकॉर्ड करताना त्याला तो का हवासा वाटतोय ते ईनोला कळत नव्हतं. मग एकदा घरी गेला असताना नदीकाठी फिरताना तोच आवाज कानावर आला: वाऱ्याने होड्यांच्या तारा धातूच्या डोलकाठ्यांवर आपटत होत्या. लहानपणचा आवाज हातातून आधी निघाला आणि डोक्याला नंतर कळलं. तेव्हा ‘ऑन लँड’चा काळोख हा आठवणीतला काळोख आहे. भीती आहे, पण ती ओळखीच्या रस्त्यावर रात्री वाटावी तशी.

आता दुसरा. १९९४ पर्यंत अँबियंट या शब्दाचं बरंच काही झालं होतं. रेव्ह पार्ट्यांत नाचून दमलेल्यांसाठी वेगळ्या ‘चिल-आउट’ खोल्या असत, तिथे मऊ गाद्या आणि मऊ संगीत. शब्द विकला जाऊ लागला होता. मार्टिनला जे संगीत जवळचं वाटत होतं त्यात ड्रम जवळपास नसायचे, सूर लांबत जायचे, पण गादी कुठेच नव्हती. त्याने त्याला नाव दिलं आयसोलेशनिझम; छापात ते पहिल्यांदा आलं १९९३ मध्ये ‘द वायर’ या ब्रिटिश मासिकात. इंग्रजीत हा मूळचा परराष्ट्र धोरणातला शब्द: आपल्या देशापुरतं बघायचं, बाहेरच्या भानगडीत पडायचं नाही. संगीताला लावला की अर्थ होतो, हे संगीत ऐकणाऱ्याला जवळ घेत नाही, दार लावून घेतं.

आणि दार लावणारे तरी कोण? जमलेली मंडळी बघितली तर हसू येतं. मिक हॅरिस इथे दोन नावांनी आहे, स्कॉर्न आणि लल. जस्टिन ब्रॉड्रिक ‘फायनल’ या नावाने, शिवाय मार्टिनबरोबरच्या टेक्नो अ‍ॅनिमलमध्ये. हे दोघंही पूर्वी नेपाम डेथ या वेगवान, कर्णकर्कश बँडमध्ये होते. १९८७ च्या ‘स्कम’ अल्बमवर दोघेही आहेत, आणि त्याच अल्बमवर ‘यू सफर’ हे जेमतेम सव्वा सेकंदाचं गाणं आहे. जगातल्या सगळ्यात आखूड गाण्यांपैकी एक वाजवणारी माणसं काही वर्षांत अशा संगीताकडे आली, की ज्यात मिनिट-मिनिट एकच सूर हलत नाही. मला ही उडी वाटते तेवढी लांब वाटत नाही. ऐकणाऱ्याला आरामात बसू द्यायचं नाही, हा हट्ट दोन्हीकडे तोच.

बाकीचेही असेच चहूकडून आलेले. एएमएम हा लंडनचा मुक्त इम्प्रोव्हायझेशनचा, म्हणजे आधी काही न ठरवता वाजवणारा, गट १९६५ पासूनचा. त्यातला कीथ रो गिटार टेबलावर आडवी ठेवून तिच्यावर निरनिराळ्या वस्तू चालवायचा. त्यांना अँबियंट म्हणणं हेच धाडस. टॉक टॉक या बँडमधल्या दोघांचं ‘ओरँग’ आहे, जपानच्या केइजी हाइनोचं ‘निजिउमु’ आहे, न्यूकॅसलचं ‘झोव्हिए फ्रान्स’ आहे, अमेरिकेचं लॅब्रॅडफर्ड आहे. अ‍ॅफेक्स ट्विनच्या ट्रॅकचं नाव आहे ‘अ‍ॅफेक्स एअरलाइन्स’. ईनोने विमानतळ बांधला, याने विमान कंपनी काढली. मुद्दाम केलं असो वा नसो, मला दर वेळी गंमत वाटते. जर्मनीचा थॉमस केनर गाँगच्या, म्हणजे धातूच्या मोठ्या थाळीच्या, ध्वनींवर काम करणारा. ठोका कुठे पडला ते कळतच नाही, ठोक्यानंतरचं जे उरतं तेवढंच ऐकू येतं: खोल, गार, कडा नसलेलं. त्याच्या स्वतःच्या एका अल्बमचं नावच ‘पर्माफ्रॉस्ट’ आहे.

म्हणजे जागा इथेही आहे, असं कुणी म्हणेल. बर्फाळ प्रदेश ही जागाच की. हो, पण ‘ऑन लँड’मध्ये त्या जागेत कुणीतरी उभं आहे, बहुतेक एक मुलगा. केनरच्या बर्फात कुणी नाही. लांबलेल्या सुराची सवय आपल्या कानाला तंबोऱ्याने लागलेली असते, आणि त्या सवयीने आपण कुणीतरी गायला लागेल याची वाट बघतो. ‘आयसोलेशनिझम’च्या बऱ्याच ट्रॅकमध्ये जवारी लागलेली आहे, सूर भरला आहे, आणि गवई येणारच नाही. ती वाट बघणं हाच अनुभव.

ऐकायची पद्धतही त्यामुळे बदलते. ईनोने ‘ऑन लँड’च्या टिपणांत तीन स्पीकरची जोडणी आकृतीसह दिली आहे: नेहमीचे दोन समोर, तिसरा ऐकणाऱ्याच्या मागे. तिसऱ्याच्या दोन्ही तारा अ‍ॅम्प्लिफायरच्या डाव्या आणि उजव्या धन टोकांना जोडायच्या. मग डाव्या-उजव्यात जे सारखं आहे ते तिसऱ्यातून वाजत नाही, फक्त फरक वाजतो. मधला आवाज समोर राहतो आणि कडेचे किडे-बेडूक पाठीमागे जातात. अँबियंटच्या नावाखाली एवढं सुतारकाम सांगणारा माणूस विरळा. (करून बघायचं असेल तर आपल्या अ‍ॅम्प्लिफायरला अशी जोडणी चालते का ते आधी तपासा, सगळ्यांना चालत नाही.) आवाज मात्र कमी ठेवावा, जागा तेव्हाच उभी राहते. ‘आयसोलेशनिझम’ कमी आवाजात ऐकलं तर खालचे सूर गळून पडतात आणि हाती नुसती खरखर उरते. ते हेडफोनवर, आणि सलग दोन्ही सीडी नकोत. संकलन आहे, उंचसखल असणारच; काही ट्रॅक इथे का आहेत हे मला अजून कळलेलं नाही. केनर, लल आणि एएमएम एवढे तीन वेगवेगळ्या दिवशी ऐकले तरी मार्टिनला काय म्हणायचं होतं ते पोचतं.

आयसोलेशनिझम हा शब्द पुढे फारसा चालला नाही. आज हेच संगीत डार्क अँबियंट किंवा ड्रोन (म्हणजे लांबत राहणारा सूर) या कप्प्यांत सापडतं, आणि त्या कप्प्यांत लोक ‘ऑन लँड’लाही आजोबा म्हणून बसवतात. तेही चूक नाही. फक्त आजोबांना बंद खोलीत करमलं नसतं.

दोघांना जोडणारा एक धागा मात्र सरळ हाताला लागतो. ‘आयसोलेशनिझम’वर डेव्हिड टूप आणि मॅक्स ईस्टली यांचा एक ट्रॅक आहे. याच दोघांचा अल्बम १९७५ मध्ये ईनोने आपल्या ‘ऑब्स्क्युअर’ या लेबलवर काढला होता, नव्या आणि पुन्हा शोधलेल्या वाद्यांचा. त्या लेबलवर प्रत्येक अल्बमला क्रमांक असे. या अल्बमचा क्रमांक चार.

हे मित्राला कळवलं. त्याचं उत्तर आलं, “आता हा तिसरा चार कुठून काढलास?”